मदत हवी आहे: पिच डेकमध्ये बाजारपेठेचा आकार कसा मांडू?

नमस्कार मंडळी. आमच्या स्टार्टअपसाठी गुंतवणूकदारांपुढे पिच द्यायचंय, म्हणजे थोडक्या स्लाइड (पिच डेक) दाखवून आमचा व्यवसाय पटवून द्यायचाय. स्टार्टअपवर लिहिणारे लेखक आणि गुंतवणूकदार गाय कावासाकी यांचा १०-२०-३० नियम धरलाय: १० स्लाइड, २० मिनिटं, ३० पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. बाकी स्लाइड जमल्या, घोडं अडलंय ते बाजारपेठेवर. 'एवढ्या मोठ्या बाजाराचा १ टक्का मिळाला तरी...' हे गणित मला पटत नाही. तो १ टक्का येणार कुठून, हे त्यातून कळतच नाही. म्हणून संभाव्य ग्राहक गुणिले प्रत्येकाकडून वर्षाला मिळणारी रक्कम, असा हिशोब मांडलाय. पण आकडा छोटा दिसतो. तसाच ठेवू, की पुढे जोडता येणारे ग्राहकही त्याच स्लाइडवर दाखवू? आणि कमाई सुरू नसताना मागणीचा पुरावा म्हणून काय चालतं? पिच दिलेल्या किंवा ऐकलेल्या मंडळींनी कृपया सांगा.