टाकीची पावडर आणि अंगात जाणारं पाणी

ए-२०३: ⏩ फॉरवर्डेड: *क्लोरीनच्या पाण्याने कॅन्सर!! तुमच्या प्रत्येक ग्लासात विष!!* सगळ्यांना पाठवा 🙏

ए-२०३: परवा टाकी धुतल्यापासून पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास येतोय. सूनबाईला सातवा लागलाय, म्हणून विचारतेय.

बी-१०४: मेंटेनन्स वाढवला तो पावडरीत गेला तर!

सेक्रेटरी: गेल्या महिन्यात टँकरच्या पाण्याने निम्म्या बी विंगला जुलाब लागले होते, विसरलात वाटतं.

ए-२०३: नाही हो विसरले, आमच्याकडे तिघं आडवे होते. मी एवढंच म्हणतेय, यातलं आपल्या अंगात किती जातं ते मोजता येतं का? ते थेंब टाकून पिवळं होणारं किट आहे माझ्याकडे.

सी-५०१: ताई, किट उरलेलं क्लोरीन दाखवतं. फॉरवर्डमधली भानगड वेगळी. माझी सगळी नोकरी पाण्याच्या लॅबमध्येच झाली, लिहितो. टायपिंगला वेळ लागतो, मध्ये कुणी गुलाबाची फुलं टाकू नका.

बी-१०४: 🌹

सी-५०१: पाण्यात कुजलेल्या पाल्याचा, मातीचा अंश असतोच. क्लोरीन त्याला लागलं की क्लोरोफॉर्म आणि त्याची तीन भावंडं तयार होतात, ट्रायहॅलोमिथेन म्हणतात त्यांना. फॉरवर्डचा रोख यांच्यावरच. रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी हे १९७४ मध्ये दाखवलं. आपल्या आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, क्लोरोफॉर्मला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकेत चौघांची मिळून ०.०८. नाकाला येतो तो वास क्लोरीनचा, त्यावरून यांचा अंदाज बांधू नका.

ए-२०३: मग सूनबाईला प्यायला जार लावला की मिटलं ना?

सी-५०१: तिथेच तर गंमत आहे. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या लोकांनी काही जणांना दहा मिनिटांत एक लिटर नळाचं पाणी प्यायला दिलं, काहींना दहा मिनिटं टबात बसवलं, काहींना दहा मिनिटं शॉवरखाली उभं केलं. आधी आणि नंतर रक्त तपासलं. २००० साली छापून आलं ते. पिणाऱ्यांच्या रक्तात जेमतेम फरक, आंघोळवाल्यांच्या रक्तात चांगलीच वाढ. पोटातून गेलेलं क्लोरोफॉर्म आधी यकृतात जातं आणि बरंचसं तिथेच मोडतं. श्वासातून आणि कातडीतून गेलेल्याला ही चौकी लागत नाही.

बी-१०४: म्हणजे आंघोळ बंद. मी तयार आहे

बी-१०४ वहिनी: तुमची रविवारची तशीही बंदच असते

सी-५०१: 😀 त्याआधी १९९० मध्ये न्यू जर्सीच्या संशोधकांनी लोकांना रबरी कपडे आणि बूट घालून शॉवरखाली उभं केलं होतं. पाणी अंगाला लागायचं नाही, वाफ फक्त नाकात. उच्छ्वासातलं क्लोरोफॉर्म साध्या शॉवरच्या निम्मं भरलं. म्हणजे निम्मं नाकाने, निम्मं कातडीने.

ए-२०३: बाई गं! मग रक्त तपासून घ्यायचं का तिचं?

सी-५०१: नको. रक्तातलं काही तासांत उतरतं. आंघोळीनंतर सुई टोचली तर एक आकडा, जेवणानंतर टोचली तर दुसरा. म्हणून पिण्यातून किती गेलं हे बघायला संशोधक सकाळच्या पहिल्या लघवीत ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड मोजतात. तेही क्लोरीनमुळेच बनतं, पण वाफेत उडत नाही आणि अंगात काही दिवस टिकतं. तिथेही मेख आहे. ड्रायक्लीनिंगच्या सॉल्व्हंटपासूनही शरीरात तेच तयार होतं. त्यामुळे किती ग्लास प्यायलात, चहा किती, ऑफिसात पाणी कुठलं, शालू ड्रायक्लीनला दिला होता का, सगळं विचारावं लागतं. मशीनच्या आकड्यापेक्षा ही प्रश्नावलीच डोकं खाते.

सेक्रेटरी: काका, थोडक्यात सांगा. पावडर बंद करायची का?

सी-५०१: अजिबात नाही! जुलाब परवाच बघितलेत. गरोदर बायकांवरच्या अभ्यासांतून एकसारखं उत्तर निघालेलं नाही, आणि जंतूंचं पाणी तिला नक्की बाधेल. पण पावडर वॉचमन मुठीने टाकतो ते थांबवा. नळाला उरलेलं क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये, आणि उगाच दुप्पट-तिप्पटही नको. ताई, सूनबाईला म्हणावं गीझरचं पाणी सोडताना खिडकी उघडी ठेव, एक्झॉस्ट लाव. बाकी तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारा.

ए-२०३: आमच्या बाथरूमची खिडकी त्या नव्या डक्टच्या पाइपने अडवलीय. तीन वेळा तक्रार केलीय.

सेक्रेटरी: तो विषय मीटिंगला घेऊ.

बी-१०४: घ्या! 😂

सेक्रेटरी: पाण्याची लॅब टेस्ट करून टाकू का एकदा?

सी-५०१: करा, पण ट्रायहॅलोमिथेनची म्हणून सांगा, नाहीतर नुसता टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि कॉलिफॉर्म जंतूंचा कागद देतील. बाटली लॅबचीच घ्यायची. छोटी काचेची असते, आत थायोसल्फेट असतं, म्हणजे क्लोरीनचं काम तिथेच थांबतं, नाहीतर वाटेत आणखी तयार होत राहतं. काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडासुद्धा नको, क्लोरोफॉर्म त्यात उडून जातं.

सेक्रेटरी: अरेच्चा. मी वॉचमनला सकाळीच सांगितलं होतं, त्याने कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून केबिनमध्ये ठेवलंय.

सी-५०१: किती भरलंय?

सेक्रेटरी: अर्धी.

सी-५०१: तुळशीला घाला.