पॉइंट टू-टू मॅच रायफल: बॅरल 26 इंची की 20 इंची?

प्रश्न: 50 मीटर थ्री पोझिशनसाठी (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेमबाजी) रायफल घ्यायची आहे. लांब बॅरलमुळे गोळीचा वेग वाढतो, मग 26 इंचीच घ्यावी ना?

उत्तर 1: वेगाचं सोडा. या काडतुसात गोळीचा वेग साधारण 16 ते 19 इंचांपर्यंतच वाढतो, पुढे घर्षणच वरचढ. लांबीचा खरा फायदा साइट्समधल्या (नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमधल्या) अंतराचा: ते वाढलं की नेमातली तेवढीच चूक लक्ष्यावर कमी दिसते.

उत्तर 2: म्हणूनच 20 इंचीला पुढे पोकळ ट्यूब जोडून तिच्यावर फ्रंट साइट बसवतात. गोळी लवकर सुटते, अंतरही टिकतं. पण ट्यूब रेषेत नसेल तर गोळी आतून घासते, ग्रुप (लक्ष्यावर जवळजवळ पडलेल्या गोळ्यांचा पुंजका) पार विस्कटतो. उभ्याने टोक जड वाटलं तर आधी बॅरलवर लावलेली वजनं काढा. बॅरल अजिबात कापू नका, क्राउन (बॅरलच्या तोंडाची नेमकी घासलेली कड) बिघडतो.

उत्तर 1: आणि गोळ्यांचे दोन-तीन लॉट (कारखान्यात एकत्र बनलेले गट) मारून बघाच. लांबीपेक्षा त्यानेच जास्त फरक पडतो.