मदत हवी आहे: फोमच्या चिलखताचा रंग तडकतोय

मुंबई कॉमिक कॉनसाठी (कॉमिक्सप्रेमींचा मेळावा, तिथे पात्रांच्या वेशात जातात) लाल-सोनेरी चिलखत घरीच बनवतोय (आयर्न मॅनचं, कळलंच असेल). छातीला १० मिमी, हातांना ५ मिमी ईव्हीए फोम (जोडायच्या चटयांचा असतो तो लवचीक फोम). फेविकॉल एसआरचे जोड पक्के आहेत, अडचण रंगाची. हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) फिरवून फोमची छिद्रं बंद केली, पांढऱ्या गोंदाचे हात दिले, वर ॲक्रिलिक स्प्रे. छाती झकास दिसते, पण कोपर वाकवलं की रंगाचे पापुद्रे निघतात. गोंद पातळ करूनही तेच. लोकलने जायचंय, म्हणजे तुकडे चेपणारच. थ्रीडी प्रिंटिंग कृपया सुचवू नका, बजेट नाही. गोंदाऐवजी फोमसोबत वाकेल असा, ब्रशने लावता येणारा कुठला थर द्यावा? आणि दादर किंवा क्रॉफर्ड मार्केटकडे तो छोट्या डब्यात मिळतो का?