हेवीवेट लढाऊ रोबोट: चाके, मोटर आणि नियंत्रण यांविषयी सल्ला हवा आहे

आम्ही तिघे मित्र मिळून हेवीवेट गटातील लढाऊ रोबोट, म्हणजे स्पर्धेच्या आखाड्यात दुसऱ्या रोबोटशी झुंजणारा, रिमोटवर चालणारा रोबोट, घरीच बांधण्याच्या तयारीत आहोत. वजनाची मर्यादा ११० किलो धरली आहे. एकाचा वेल्डिंग आणि लेथवर हात बसलेला आहे, दुसरा इलेक्ट्रॉनिक्सची बाजू सांभाळतो, आणि रिमोटवरच्या गाड्या चालवण्याची सवय असल्यामुळे रोबोट हाकण्याचे काम माझ्याकडे आहे. शस्त्र म्हणून पुढच्या बाजूला उभी फिरणारी तबकडी ठरवली आहे: वजन २० किलो, त्रिज्या २५ सेंमी, वेग मिनिटाला ३००० फेरे. चाके दोन असावीत की चार, मोटर कोणत्या हिशेबाने निवडावी, आणि तबकडी फिरत असताना रोबोट हाताबाहेर जाऊ नये म्हणून काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मोटरचा हिशेब चाकांच्या पकडीपासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. ११० किलोचा रोबोट जमिनीवर सुमारे १०८० न्यूटन भार टाकतो. हा सगळा भार चालत्या चाकांवर आला आणि रबराची पकड (घर्षणाचा गुणांक) ०.९ धरली, तर चाके घसरण्यापूर्वी जास्तीत जास्त ९७० न्यूटनच्या आसपास ढकल मिळते. चाकाची त्रिज्या १० सेंमी असेल तर दोन्ही बाजू मिळून ९७ न्यूटन मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण ५० न्यूटन मीटर पीळ (टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर) पुरेसा होतो. त्याहून अधिक पीळ चाके घसरण्यातच वाया जाईल. मात्र त्याहून कमी पडला, तर प्रतिस्पर्ध्याला ढकलताना चाके घसरण्याऐवजी मोटर जागीच अडकेल आणि काही सेकंदांत तापून जळेल. चाके आधी घसरली पाहिजेत, मोटर कधीही अडकता कामा नये, हा नियम धरून गिअर ठरवा. सेकंदाला ५ मीटर वेग हवा असेल तर या चाकाला मिनिटाला सुमारे ४८० फेरे लागतात, तेव्हा भाराखाली ४८०० फेरे देणाऱ्या मोटरला दहास एक हे प्रमाण बसते.

मोटरचा कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारे उपकरण) निवडताना मोटरवर छापलेल्या नेहमीच्या प्रवाहावर विसंबू नका. २४ व्होल्टवर चालणाऱ्या मोटरचा अंतर्गत रोध ०.०८ ओहम असेल, तर अडकल्यावर ती ३०० अँपिअर ओढू शकते, आणि पूर्ण वेगात असताना अचानक उलटी फिरवली तर क्षणभर त्याच्या जवळपास दुप्पट प्रवाह वाहू शकतो, कारण फिरत्या मोटरमध्ये निर्माण होणारा विद्युतदाब तेव्हा बॅटरीच्या विद्युतदाबात मिळतो. म्हणून प्रवाहावर मर्यादा घालता येईल आणि वेग हळूहळू चढवता येईल, असाच कंट्रोलर घ्यावा.

प्रतिसाद २

वरील हिशेब योग्य आहे. मी वळण्याबद्दल लिहितो, कारण उभ्या तबकडीच्या रोबोटची खरी परीक्षा तिथेच होते. आपण दिलेल्या आकड्यांनुसार तबकडी भरीव धरली, तर तिच्यात सुमारे ३१ किलोज्यूल ऊर्जा साठते. तुलनेसाठी सांगतो: सेकंदाला ५ मीटर वेगाने धावणाऱ्या संपूर्ण रोबोटची गतिज ऊर्जा दीड किलोज्यूलच्याही खाली असते. पण एवढ्या जोराने फिरणारी तबकडी वळण्याला विरोध करते आणि रोबोटला एका अंगावर उचलते. डाव्या-उजव्या चाकांत ७० सेंमी अंतर असेल, तर पाव वळण साधारण पाऊण सेकंदाहून कमी वेळात घेताच एका बाजूची चाके जमीन सोडतील. लढतीत एवढे वळण संथ म्हणावे लागेल.

यावर पहिला उपाय म्हणजे चाकांमधील अंतर शक्य तितके वाढवणे. दुसरा उपाय मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तेवढीच ऊर्जा लहान तबकडी अधिक वेगाने फिरवून साठवली, तर हा उचलणारा परिणाम कमी होतो, कारण तो ऊर्जेला फिरण्याच्या वेगाने भागल्याच्या प्रमाणात असतो. मात्र वेग वाढला की तबकडीच्या कडेचा दात (प्रतिस्पर्ध्याला धडकणारे टोक) प्रतिस्पर्ध्यात कमी खोल शिरतो. ३००० फेऱ्यांवर एकच दात असेल आणि दोन रोबोट सेकंदाला ६ मीटर वेगाने एकमेकांजवळ येत असतील, तर दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात १२ सेंमी अंतर कापले जाते, म्हणजे दात जास्तीत जास्त तेवढाच खोल शिरू शकतो. दोन दात असतील तर ६ सेंमी. म्हणून एकच दात ठेवून दुसऱ्या बाजूला समतोलासाठी वजन देणे मी पसंत करेन.

चाकांबाबत माझे मत चार चाकांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर डाव्या-उजव्या अंतरापेक्षा कमी असावे. ते जास्त झाले की वळताना चारही चाके आडवी घासली जातात आणि मोटरची बरीचशी ताकद वळण्यातच खर्ची पडते. दोन चाकांचा रोबोट झटकन वळतो, पण त्याच्या वजनाचा काही भाग पुढच्या भागावर टेकतो आणि तेवढी पकड कमी होते.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तबकडी लहान करून चाकांमधील अंतर वाढवण्याचे आम्ही ठरवत आहोत. आमचा रोबोट उलटा पडला तरी चालू शकेल इतकी मोठी चाके आहेत. उलटल्यावर नियंत्रण कसे ठेवावे आणि रिमोटमध्ये कोणती मांडणी करावी?

प्रतिसाद ३

रोबोट कुशीवरून उलटा झाला की पुढे आणि मागे यांची अदलाबदल होते, परंतु डावे-उजवे वळण होते तसेच राहते, कारण बाजू आणि चाकांच्या फिरण्याची दिशा दोन्ही एकाच वेळी उलटतात. म्हणून मिक्सिंगच्या (पुढे-मागे आणि वळण हे दोन इशारे एकत्र करून डाव्या-उजव्या मोटरना वाटून देण्याच्या) आधी फक्त पुढे-मागे नेणारी वाहिनी उलटवेल अशी एक कळ रिमोटवर अंगठ्याजवळ ठेवावी. एकाच दांड्यावर पुढे-मागे आणि वळण घ्यावे, आणि वळणाचा प्रतिसाद दांड्याच्या मध्याजवळ मंद ठेवावा, म्हणजे सरळ जाताना रोबोट नागमोडी जाणार नाही. सराव करताना रोबोट आपल्याकडे तोंड करून येत असतानाचे हाकणे सर्वांत जास्त घोटवावे. डावे-उजवे उलटे दिसल्यामुळे भल्याभल्यांचा गोंधळ तिथेच होतो. हा सराव तबकडीच्या जागी तिच्या वजनाएवढा मृत (न फिरणारा) भार बांधून करावा. शस्त्र जोडण्याची घाई करू नका, कारण चांगला हाकलेला साधा रोबोट वाईट हाकलेल्या भयंकर रोबोटला कोपऱ्यात कोंडतो.

रिसीव्हरचा (रिमोटचा इशारा पकडणाऱ्या भागाचा) अँटेना धातूच्या पेटीत बंद करू नये. त्यावर प्लास्टिकचे झाकण असावे. रिमोट बंद करताच चाके आणि शस्त्र दोन्हींचा वीजपुरवठा तुटतो की नाही, हे चाके जमिनीपासून उचलून आणि तबकडी काढून तपासावे. मुख्य विद्युतमार्गात बाहेरून हाताने उपटता येईल अशी जोडणी आणि वीज चालू असल्याचा ठळक दिवा हवाच. लिथियम पॉलिमर बॅटरीचे प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नये, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, आणि चार्जिंगच्या वेळी कोणीतरी समोर बसलेले असावे. तबकडी पूर्ण वेगाने फिरवायची ती बंदिस्त आखाड्यातच. अंगणात किंवा कार्यशाळेत कमी वेगानेही फिरवू नये. वाहतुकीत आणि दुरुस्तीच्या वेळी ती अडवून ठेवणारा पोलादी खिळा चौकटीतच बसवण्याची सोय आतापासून आराखड्यात करा, नंतर त्यासाठी जागा सापडत नाही.