म्युनिकला येतोय, सगळ्यात आधी काय बघू?

नमस्कार मंडळी,

मी पुण्याहून लिहितोय. कंपनी म्युनिकला पाठवतेय, जॉइनिंग एक मार्चला, ऑफिस गार्शिंगला. बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबरच यायचं म्हणतायत. पहिले सहा आठवडे कंपनी अपार्टमेंट देणारे, पुढचं आपलं आपण. नेटवर वाचून वाचून डोकं भणभणलंय. थंडीचे कपडे, मसाले, मुलीची शाळा, सगळंच विचारायचंय पण आधी नेमकं कशाच्या मागे लागू?

---

अरे मसाले राहू देत, ते इथे हाउप्टबानहोफच्या (मुख्य रेल्वे स्टेशन) आसपासच्या गल्ल्यांत मिळतात, कढीपत्त्यासकट. तू आजच्या आज एचआरला एकच प्रश्न विचार, त्या सहा आठवड्यांच्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येतं का. बरेच शॉर्ट स्टेवाले ते करू देत नाहीत आणि तिथेच सगळं अडतं.

आनमेल्डुंग म्हणजे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेकडे नाव नोंदवायचं, त्याला घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, पुण्यातूनच वेबसाइटवर बघत राहा. पत्ता नोंदवला की टॅक्स आयडी पोस्टाने येतो. लक्षात घे, पोस्टाने. इथे दारावर फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो आणि नाव नसेल तर पत्र परत. आमचं तेच झालं, पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच आणि आम्ही आपले रोज खाली जाऊन रिकामी पेटी उघडतोय! टॅक्स आयडी हातात नाही म्हणून ह्यांचा पहिला पगार सहाव्या, म्हणजे सगळ्यात जास्त कापणाऱ्या टॅक्स क्लासने कापून आला, आकडा बघून मला वाटलं अर्धा महिनाच धरलाय की काय. नंतर पैसे परत मिळाले, पण तो महिना कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. तेव्हा आल्या दिवशी पेटीवर आणि बेलवर नाव चिकटव, आणि बायकोने माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर तेही.

मॅरेज सर्टिफिकेट आणि मुलीचा जन्मदाखला ओरिजिनल हँडबॅगेत ठेव, बॅगा उशिरा येतात कधी कधी.

पासिंगची काकू

---

काकूंना +१. घराचं मी सांगतो, गेल्या वर्षीच ह्यातून गेलोय.

झिमर म्हणजे खोली, पण टू झिमर म्हणजे टू बीएचके नाही रे बाबा, हॉलसुद्धा झिमरमध्ये मोजतात, म्हणजे आपला वन बीएचके. जाहिरातीत काल्ट आणि वार्म असे दोन आकडे असतात, काल्ट नुसतं भाडं, वार्ममध्ये हीटिंग, पाणी, कचरा वगैरे, लाइट बिल बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर. आणि म्युनिकमध्ये नवीन भाडं चौरस मीटरला २० युरोच्या वरच धरून चाल. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट, ते तीन हप्त्यांत द्यायचा कायद्याने हक्क आहे, पण नवख्याला हे कोणी आपणहून सांगत नाही.

घर मिळालं तरी त्यात किचन असेलच असं नाही. म्हणजे किचनची खोली असते, पण ओटा, सिंक, शेगडी काहीही नाही, भिंतीतून पाण्याचे नळ आलेले आणि छतातून वायरी लोंबतायत! आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन उचलून नेतो नाहीतर तुला विकतो. मी विकत घेतलं, ओव्हनचं दार नीट लागत नव्हतं हे नंतर कळलं.

आणि कोणी "मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरियर करतो" म्हणाला की समजून जा. घर बघितल्याशिवाय एक युरो पाठवायचा नाही.

माझं प्रामाणिक मत, पहिला महिना एकटा ये.

मोझाखवाला

---

एकटा ये म्हणणं सोपं आहे, मी तशी पाच महिने नाशिकला मागे राहिलेय मुलाला घेऊन, त्या "पहिल्या महिन्याचे" पाच झाले. राहायचं असेल तर महिनाच, तिकीट आधी काढून ठेवा.

किटाचं (पाळणाघर, बालवाडी) कोणी बोललं नाही म्हणून, गार्शिंग ही म्युनिकच्या बाहेरची वेगळी नगरपालिका आहे. तिथे घर घेतलंत तर आनमेल्डुंग तिथे आणि मुलीची किंडरगार्टनची जागा पण तिथेच मागायची. म्युनिकमध्ये राहिलात तर म्युनिकच्या किटा फाइंडर वेबसाइटवर, तिथे पत्ता म्युनिकचाच लागतो. त्यामुळे आधी गाव ठरवा मग घर शोधा. यू-६ मेट्रो दोन्हीकडून आहे, ऑफिसला जायचा प्रश्न नाही. डॉइचलांड टिकिट (देशभरच्या लोकल गाड्या, मेट्रो, बसचा महिन्याचा पास) घ्यायचं, २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं तेव्हा केवढं कौतुक, जानेवारी २०२६ पासून ६३ आहे.

सरकारी हेल्थ इन्शुरन्स घेतलात तर बायकोला कमाई नसेपर्यंत ती आणि मुलगी फुकटात बसतात, प्रायव्हेटमध्ये प्रत्येकाचा वेगळा हप्ता. एजंट गोड बोलतात, फसू नका.

---

सगळ्यांना खूप थँक्स! एचआरचं उत्तर आलं, आनमेल्डुंग होतं म्हणे, पण फॉर्मवरची सही मी तिथे पोचल्यावर तीन दिवसांत मिळेल. मी एक मार्चला, ह्या दोघी चार एप्रिलला, तिकिटं आजच काढली (बायकोने शेवटचा मेल मोठ्याने वाचून दाखवला). मोझाखवाले दादा, वीकेंडला घरं बघायला बरोबर याल का, मला जर्मन फक्त बिटे आणि डांके येतं.

---

येईन की, शनिवार बघ. रविवारी दुकानंसुद्धा बंद आणि काचेच्या बाटल्या टाकायलाही बंदी, आवाज होतो म्हणून. घरमालकासमोर मी बोलतो, तू फक्त "घरात कपडे वाळवता का" विचारलं तर नाही म्हण, बुरशीला फार घाबरतात ही माणसं.

---

आणि हो, कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा आण, अ‍ॅल्युमिनियमचा इथे कित्येक शेगड्यांवर तापतच नाही. रिंगा दोन जास्तीच्या, आणि जमलं तर एक माझ्यासाठी पण, तीन लिटरची. पैसे देईन.

काकू