साथीच्या काळात ऐकायचं तरी कुणाचं?

गोंधळलेला_एक:
मंडळी, साथ आली की माझं डोकं तापाने नाही, फॉरवर्डने तापतं. कोविडच्या वेळी घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज टाकला, नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ म्हणतात लस घेतलेले सगळे दोन वर्षांत जाणार. आई ते वाचून दोन दिवस गप्प, आणि कुणाला न सांगता तिने लसीची अपॉइंटमेंट रद्द करून टाकली. नंतर कळलं तो माणूस असं बोललाच नव्हता. बरं, अधिकृत तेवढंच बघायचं म्हणावं तर डब्ल्यूएचओनेच मार्च २०२० मध्ये 'हवेतून पसरत नाही' असं ठासून सांगितलं आणि पुढे सूर बदलला. मग आपल्यासारख्याने करायचं काय, कुणाला फॉलो करायचं?

उंटावरचा_शहाणा:
ते ल्यूक मॉन्टान्ये, फ्रेंच विषाणुतज्ज्ञ. दोन वर्षांचं वाक्य त्यांच्या तोंडी घातलेलं, पण लसीमुळेच नवे व्हेरियंट तयार होतात वगैरे त्यांनी खरंच बोलून ठेवलंय, आणि त्या विषयातल्या लोकांनी ते तेव्हाच खोडून काढलं. त्यांना २००८ चं नोबेल मिळालं ते एचआयव्हीच्या शोधासाठी, म्हणजे १९८३ च्या कामासाठी. नोबेल त्या कामाला असतं, माणूस नंतर जे जे बोलेल त्या सगळ्याला नाही. मी नावापुढच्या डिग्र्या बघतच नाही, हा माणूस सध्या याच विषयावर काम करतोय का आणि त्याच्या बरोबरीचे लोक त्याच्याबद्दल काय म्हणतायत एवढंच बघतो.

गोळीवाली:
मी मेडिकलच्या काउंटरला असते. जून २०२० मध्ये डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड कोविडवर चालतं अशी बातमी आली आणि एक जण मोबाईल पुढे करून म्हणाला, हे द्या, घरात एकाला कालपासून ताप आहे. स्क्रीनशॉटवर फक्त हेडिंग, खालचं सगळं कापलेलं. आणि बातमी खोटी नव्हती हो! ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले होते, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काहीच फायदा दिसला नाही, आणि नेमकी तीच ओळ कापलेली. मी चिठ्ठीशिवाय दिलं नाही, तो चिडून गेला. तेव्हापासून औषधाची बातमी आली की मी आधी 'कुठल्या पेशंटमध्ये' हे शोधते, ते सापडलं नाही तर पुढे वाचतच नाही.

धूळकण:
डब्ल्यूएचओबद्दल. चुकलेच ते, पण ते चुकतायत हे दाखवलं कुणी तर शास्त्रज्ञांनीच, जुलै २०२० मध्ये २३९ जणांचं खुलं पत्र आलं होतं. त्यात पुढे होत्या लिडिया मोराव्स्का, त्या डॉक्टर नाहीत, फिजिसिस्ट आहेत. श्वासातला थेंब हवेत किती वेळ तरंगतो हा मुळात त्यांच्याच विषयातला प्रश्न. म्हणजे नुसतं 'तज्ज्ञ' म्हणून भागत नाही, प्रश्न कुणाच्या विषयातला आहे ते आधी ठरवावं लागतं.
आणि मोठ्या जर्नलमध्ये आलं म्हणजे संपलं असंही नाही. लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा (मलेरियाचं औषध, कोविडवर वापरत होते) पेपर २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला, कारण मूळ डेटा तपासायलाच मिळेना. दोन आठवडे पण टिकला नाही. प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलने तपासायच्या आधीच ऑनलाइन टाकलेले पेपर, तर त्याच्याही आधीच्या पायरीवरचे, तिथे वरतीच लिहिलेलं असतं की हे अजून तपासलेलं नाही, पण बातमीत येईपर्यंत ती सूचना गळालेली असते 🙄

गोंधळलेला_एक:
हे पटतंय. 'कुठल्या पेशंटमध्ये' तर लिहूनच ठेवतो. पण काकांचं काय करू? ग्रुपवर खोडलं की ते भडकतात.

गोळीवाली:
ग्रुपवर नकोच, चारचौघांत कोण माघार घेतं? वेगळा फोन करा. आणि आईने अपॉइंटमेंट रद्द केली हे त्यांना माहितीये का?

गोंधळलेला_एक:
नव्हतं माहीत. आत्ताच फोन केला. आईचं ऐकून जरा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "अरे पण मी कुठे लिहिलं होतं, मी फक्त पुढे पाठवलं."

उंटावरचा_शहाणा:
😂 घरोघरी काका.