ट्रोम्सो ते लाँगयरब्येन: विमानाला नक्की किती वेळ लागतो?

साताऱ्याची_लेक:
जूनमध्ये आई-बाबांना घेऊन नॉर्वेला चाललेय. ट्रोम्सोला चार दिवस आहोत, तिथून उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर, म्हणजे तिथल्या लाँगयरब्येन गावाला, जाऊन यायचं डोक्यात आहे. फोनवरच्या नकाशात मधे नुसता समुद्र, आणि अंतर मुंबई-बँकॉकएवढं दिसतंय! बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दोन तासांच्या वर बसले की पाय आखडतो. कुणी गेलंय का? झेपेल का?

उत्तरेचा_वारा:
झेपेल. आधी त्या नकाशावरचं बोट उचला. सपाट नकाशा ध्रुवाकडे ताणत जातो, त्यामुळे तिथलं अंतर मुंबईच्या मानाने तिपटीहून जास्त दिसतं. खरं हवाई अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या जरासं वर आहे, मुंबई-दिल्लीपेक्षाही कमी. वेळापत्रकात साधारण एक तास चाळीस मिनिटं धरलेली असतात. बाबांना कडेची सीट घ्या, झालं.

ओस्लोहून थेट गेलात तर मात्र दोन हजार किलोमीटर, तीन तासांच्या आसपास. म्हणून ट्रोम्सोहूनच जा.

आता खरी गोम. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांच्या गटात) येत नाही. ट्रोम्सोला पासपोर्ट तपासून बाहेर पडल्याची नोंद होते आणि परतताना तुम्ही शेंगेनमध्ये पुन्हा नव्याने शिरता. व्हिसा किती वेळच्या प्रवेशाचा मागितलाय?

साताऱ्याची_लेक:
अरे देवा. फॉर्मवर 'सिंगल'वर टिक केलीय. अपॉइंटमेंट पुढच्या सोमवारी आहे. पण १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे तिथे व्हिसा लागतच नाही असं वाचलं होतं ना?

उत्तरेचा_वारा:
तिथे नाही लागत. वाटेत लागतो! फॉर्म बदला, किमान दोनदा प्रवेश मागा.

रिकामटेकडा:
+१. आणि परतीच्या दिवशीच पुढचं विमान पकडायचा शहाणपणा करू नका. आम्ही केला होता. लाँगयरब्येनवर धुकं, विमान वर घिरट्या घालून माघारी ट्रोम्सोला. तेच विमान आम्हाला न्यायला येणार होतं. पुढची तिकिटं वाया, विमान कंपनीचं म्हणणं, तिकिटं वेगळी काढलीत, आमचा संबंध नाही. मधे एक रात्र मोकळी ठेवाच.

वास्कोकर:
जाता जाता: हिमाद्री हे आपलं संशोधन केंद्र २००८ पासून तिथेच, न्यू ऑलेसुंडला आहे. कारभार इथून गोव्यातून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. लाँगयरब्येनहून पुढे शंभर-सव्वाशे किलोमीटर, चिमुकल्या डॉर्नियर विमानाने अर्ध्या तासाच्या आत. (तसलीच डॉर्नियर आपल्या कानपूरलाही बनते.) पण ती सीट कामावर येणाऱ्यांसाठी. हौशी लोकांनी उन्हाळ्यात बोटीने जावं.

साताऱ्याची_लेक:
फॉर्म बदलला, एक रात्र वाढवली. सगळ्यांचे आभार. विमानतळ ते गाव लांब आहे का? आणि बाबा विचारतायत, विमानतळावरून अस्वल दिसतं का?

उत्तरेचा_वारा:
गाव पाचेक किलोमीटर, विमान उतरलं की बस उभी असते. जूनमध्ये मध्यरात्रीही ऊन, तेव्हा डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्या. अस्वल विमानतळाबाहेरच्या पाटीवर आहे. त्याच्यासोबत फोटो काढा म्हणावं. खरं बघायला बंदूकवाल्या वाटाड्याशिवाय गावाबाहेर पडायचं नाही.